मानेवरची पांढरी रेघ

आमच्या घराचा दुपारचा आवाज वेगळा होता. सकाळी म्हणाल तर चारचौघांच्या घरासारखंच सगळं. चुलीवर पेज रटरटतेय, बाबा आरशापुढे उभे राहून भांग पाडता पाडता गीत गुणगुणतायत, आमच्या विहिरीवर शेजारची जैनबखाला पाणी काढतेय आणि रहाट कुरकुरतोय. पण ऊन डोक्यावर आलं, अंगणातले चिरे तापले, की घर एकदम गप्प व्हायचं, आणि त्या गप्पपणाच्या तळातून काहीतरी वर यायचं. हे मी परवा नातीला सांगायला गेले तर ती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "आजी, ही भुताची गोष्ट आहे का?" म्हटलं, नाही गो, आपल्या घरातलीच आहे. पण तिच्या अंगावर काटा आला होता तो मी बघितला, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आला. पंचाहत्तरी उलटली माझी, तरी त्या आवाजाची आठवण आली की मी अजून मानेवर हात फिरवते.

आमचं घर देवळाच्या आवाराला लागून, उताराच्या खालच्या अंगाला. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती मंडळीचं, चिऱ्याचं, कौलारू, पंधरा-वीस घरांपुरतं. मिरकरवाड्याकडून वारा सुटला की सुकत घातलेल्या मासळीचा वास थेट उपासनेत येऊन बसायचा. बाबांचं नाव शांतवन. दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि मंडळीचे पंच. आई मुलींच्या शाळेत शिकवायची. मी एकटीच लेक, मरियम, घरात मरू. आणि आतल्या खोलीत खाटेवर सलोमीआत्या, बाबांची थोरली बहीण.

आत्या जन्मभर गावोगाव सुवार्ता सांगत फिरलेली. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, एसटीतून पालीला उतरायचं आणि तिथून पायी वाड्या धरायच्या. बायका तिला अंगणात बसवून घ्यायच्या, गूळपाणी द्यायच्या, आपलं सुखदुःख सांगायच्या. मग तिच्या पाठीच्या मणक्यात गाठ झाली. मुंबईला नेऊन आणलं, पण तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून ती आमच्याकडे. भिंत धरून घरातल्या घरात हिंडायची तेवढीच. आणि एक गोष्ट सगळ्या मंडळीत पसरलेली, की सलोमीबाई कण्हत नाही. एवढं दुखणं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

बाबा रोज दवाखान्यातून आले की वहाणा काढायच्या आधी दारातून विचारायचे, "काय अक्का, कसं आहे आज?"

"कृपा आहे, शांतू."

बस. एवढंच बोलणं. पण ते उत्तर ऐकलं की बाबांचा चेहरा असा काही उजळायचा, जणू त्यांनाच कुणी शाबासकी दिली. रविवारी पाळकसाहेब उपदेशात सांगायचे, आपला प्रभू मेंढरासारखा मुकाट्याने वधस्तंभाकडे गेला, आणि दुःख कसं सोसावं हे बघायचं असेल तर लांब कुठे जाऊ नका, खालच्या घरात जा. मग लोक यायचेच. उपासना सुटली की आमच्या ओसरीवर चपलांची रांग. कुणी रडकं पोर घेऊन यायचं, "बघ, बाईंना बघ, रडतात का त्या?" कुणी सासुरवाशीण, कुणी दम्याचा म्हातारा. अलोऱ्याहून एकदा एक अख्खं कुटुंब आलं होतं, जेवणाचे डबे बांधून. आत्या उशीला टेकून बसायची, सगळ्यांसाठी प्रार्थना करायची, हसायची.

तिच्या मानेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, एक पांढरी रेघ असायची. बारीक, गोलाकार, चुन्याच्या बोटाने ओढावी तशी. आई सकाळी तिला पुसून काढायची तेव्हा ती जायची, आणि संध्याकाळी परत असायची. आईला वाटे घामाचा खार असेल. पण मंडळीतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. ओसरीवर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"बघितलंस? पुसली तरी येते म्हणे."

"खूण आहे ती. प्रभूने केलेली."

मीही रात्री अंथरुणात स्वतःची मान चाचपून बघायची. आपल्याला अशी खूण मिळू दे, आणि मिळू देऊ नको, असं दोन्ही एकदम वाटायचं.

त्या वर्षी लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे, दिवस लागले आणि पाठोपाठ माझी सकाळची शाळा सुरू झाली. आईची शाळा दुपारची. त्यामुळे मी घरी यायची तेव्हा आई निघून गेलेली असायची, आणि भर दुपारी घरात मी आणि आत्या दोघीच. लेंटमध्ये आमच्याकडे चाळीस दिवस मासळी नाही. रत्नागिरीत राहून मासळी नाही म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक! जैनबखाला कुंपणावरून तिसऱ्या-शिंपल्यांचं ताट पुढे करायची आणि मी मान हलवायची. "काय गो बाय, तुमचा रोजा संपता संपत नाही," म्हणून ती हसायची. तिचा नवरा जहाजावर, दोन वर्षांतून एकदा यायचा. त्यामुळे आमचं घर तिला माहेरासारखं.

तर एका दुपारी मी पडवीत कुळथाचं पिठलं आणि भात खात बसले होते. खाला विहिरीवर पाणी काढत होती. रहाटाचा आवाज चालू होता आणि मध्येच थांबला. मग दोर सुटल्याचा सर्रकन आवाज, आणि कळशी खाली पाण्यावर आपटली. मी हात न धुताच धावले. खाला काठापासून चार पावलं मागे सरून उभी, दोन्ही हात छातीशी.

"ऐकलंस?" ती पुटपुटली.

मी कान दिला. विहिरीतून येत होता तो आवाज. रडणं म्हणावं तर रडणं नव्हे. बैल दावणीला अडकून घुसमटावा तसा, खोल, लांबलेला, मध्ये खंड पडून पुन्हा सुरू होणारा. पाणी मात्र शांत. कळशी त्यावर हळूहळू फिरत होती.

"ही तिसरी खेप," खाला म्हणाली. "बाराच्या ठोक्याला. मी कुणाला बोलले नाही, म्हटलं पंचांच्या घरची विहीर, उगाच बोभाटा कशाला. मरू, तू दुपारची इकडे येऊ नकोस हां बाय." आणि ती कळशी तशीच टाकून घरी गेली. त्या दिवसापासून तिने दुपारचं पाणी काढणं सोडलं.

मी घरात आले. आता तो आवाज घरातही होता, पण पायांखालून. मी आत्याला सांगायला आतल्या खोलीत गेले, तर खाट रिकामी. चादर बाजूला सारलेली. भिंतीवर तिच्या घामेजल्या हाताचे ठसे कोठीच्या खोलीकडे जात होते, एकापुढे एक.

कोठीची खोली विहिरीला लागून. तिथे एक जुना रांजण जमिनीत अर्धा पुरलेला होता, गुडघाभर वर. बाबांच्या आईच्या वेळी त्यात खारातले आंबे घालत. मग त्याला खालून तडा गेला, आंबे बंद झाले, रांजण तसाच राहिला. मी दार ढकललं. अंधाराला डोळे सरावले तेव्हा दिसलं ते असं : रांजणापुढे पांढरं लुगडं नेसलेली एक बाई गुडघ्यांवर बसली होती, आणि तिला मुंडकं नव्हतं.

ती बाई हलत होती, पुढे-मागे, आणि आवाज जमिनीतून येत होता. मग तिने दोन्ही हात रांजणाच्या काठावर टेकले आणि डोकं बाहेर काढलं. आत्याच होती. केस सुटलेले, ओठ फाकलेले, चेहऱ्यावर ओळख नाही. क्षणभर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कोण हे तिला ठाऊक नसावं. काठावर मुरलेल्या मिठाचं पांढरं फूल आलं होतं. आणि तिच्या गळ्यावर ती रेघ होती, ताजी.

"दार लाव," ती म्हणाली.

मी लावलं. आत राहून लावलं याचं मला आज नवल वाटतं.

"आत्या, दुखतं का गं?"

तिने तोंडावर आलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "हो." हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "फार दुखतं, मरू. दुपारचं तर असं दुखतं, की हाडांत कुणी पहार घालून उचकटतंय."

"मग बाबांना सांगते. दवाखान्यात सुई आहे. डॉक्टर देतात, मी बघितलंय."

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "नाही सांगायचं. पालीची सुंदराबाई आठवते? जिचा मुलगा नदीत गेला? ती दर महिन्याला येते आणि माझ्याकडे नुसती बघत बसते. जाताना म्हणते, तुम्ही उभ्या आहात म्हणून मी उभी आहे. मी ओरडले तर ती कशाला धरील? आणि शांतूचं काय होईल? तो पंच आहे. सोसायचं ते देवासाठी, म्हणजे ते देवालाच ऐकू जावं, लोकांना कशाला?" मग तिने रांजणाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "इथे कुणाला ऐकू जात नाही."

विहिरीचं मी तिला सांगितलं नाही. आमचा जांभ्या दगडाचा चिरा भोकाभोकांचा, तड्यातून आणि मातीतून आवाज कसा पलीकडे जात होता देव जाणे. मी फक्त मान डोलावली. अकरा वर्षांच्या पोरीने दिलेला शब्द तो. त्यानंतर लेंट संपेपर्यंत माझं एकच काम. आत्या भिंत धरून निघाली की मी विहिरीच्या काठावर जाऊन बसायची आणि मोठमोठ्याने गीतं म्हणायची. सगळी कडवी. रस्त्याने जाणारे म्हणायचे, पंचांची पोर काय भक्तिमान! खाला कुंपणापलीकडून हात जोडून खुणा करायची, चल तिथून, चल. मी गायची, आणि माझ्या आवाजाच्या खाली दुसरा आवाज चालू असायचा. कधी कधी तर मला वाटे, तो माझ्याच गीताचा खालचा सूर धरतोय. तेव्हा मी अजून मोठ्याने गायची.

आज जेव्हा कुणी विचारतं की ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात दुःखाची जागा कुठे, तेव्हा मोठी माणसं मोठी उत्तरं देतात. मी शिकलेली बाई नाही, सातवीनंतर जे वाचलं ते माझं मी वाचलं. पण आमच्या घरात ती जागा कुठे होती ते मला नक्की ठाऊक आहे. कोठीच्या खोलीत, डाव्या हाताला.

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. त्या दिवशी आमच्याकडे घंटेच्या लोलकाला फडकं बांधायचे, म्हणजे ती वाजायची नाही, नुसती धपकायची, उराशी बुक्की मारावी तशी. बारा ते तीन उपासना. प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर मंडळीतल्या एकेकाने उभं राहून बोलायचं. त्या वर्षी चौथा उद्गार पाळकसाहेबांनी आत्याला दिला. तो असा, की प्रभू आपल्या बापालाच विचारतो, तू मला का टाकलंस. "सलोमीबाईंसारखी साक्ष दुसरं कोण देणार?" पाळकसाहेब म्हणाले. बाबांनी स्वतः तिची खुर्ची सजवली. चौघांनी ती उचलून पायऱ्यांवरून देवळात नेली. मी मागून चालत होते, आणि मला वेळ ठाऊक होती. चौथा उद्गार म्हणजे पार दीड वाजणार. एवढा वेळ रांजणापासून लांब ती कधीच राहिली नव्हती.

आत काळं कापड, बंद खिडक्या, घामाचा आणि मेणाचा वास. सुंदराबाई पालीहून पहिल्या एसटीने येऊन पुढच्याच बाकावर बसलेली. पहिला उद्गार, दुसरा, तिसरा. मी आत्याच्या हातांकडे बघत होते. तिने खुर्चीच्या दांड्या अशा धरल्या होत्या की नखं पांढरी पडलेली. चेहरा मात्र तोच, हसरा. घंटा धपकली. बाबांनी तिला आधार देऊन उभं केलं आणि पवित्र शास्त्र तिच्यापुढे धरलं.

तिने वाचायला सुरुवात केली. तिथे लिहिलंय, प्रभू मोठ्याने ओरडला. ती त्या शब्दावर थांबली. पुन्हा तोच शब्द वाचला. मग वर बघून, अगदी साध्या आवाजात, कुणी बाजारात पत्ता विचारावा तसं तिने विचारलं, "मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने, पाळकसाहेब?"

पाळकसाहेब काही बोलायच्या आत तो आवाज आला. विहिरीतला. भर देवळात, भर माणसांत, आत्याच्या उघड्या तोंडातून. तिचा चेहरा हलत नव्हता, फक्त तोंड उघडं होतं आणि ते आत कुठेतरी खोलवरून येत होतं, थांबत नव्हतं. कुणाचं तरी तान्हं पोर दचकून रडायला लागलं. बाबा शास्त्र हातात धरून तसेच उभे, जणू ती अजून वाचतेच आहे.

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत धरलं. मंडळीने उचललं. सगळे उभे राहून मोठमोठ्याने गायला लागले, तिच्या वरताण. आई माझ्याकडे वळून डोळ्यांनी म्हणाली, म्हण. ते काम मला येत होतं. सगळं लेंट मी तेच केलं होतं. मी तोंड उघडलं, पण गीत आलं नाही.

"बाबा, तिला सुई द्या!" मी किंचाळले. "तिला रोज दुखतं! रांजणात डोकं घालून रडते ती! ती रेघ मिठाची आहे!"

गीत एकेका बाकावर विझत गेलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आत्याच्या गळ्याकडे. त्यांनी अंगठा ओला केला आणि तिच्या मानेवरून फिरवला, आणि तो अंगठा जिभेला लावला. सबंध मंडळीसमोर. मग शास्त्र सुंदराबाईच्या मांडीवर ठेवून ते धावत सुटले, अनवाणी, दवाखान्याकडे.

डॉक्टर आले ते आमच्या घरी. सुई दिली. आत्या झोपली. हात धुताना डॉक्टर म्हणाले, "शांतवन, हे औषध तुझ्याच हाताखालच्या कपाटात आहे. आधी का नाही सांगितलंस?"

"ती कधी म्हणालीच नाही," बाबा म्हणाले.

"तू विचारलं होतंस?"

बाबा रोज विचारत होते. पण आता ते टॉवेलची घडी घालत राहिले.

त्यानंतर आत्या पाऊस लागेपर्यंत जगली. औषधाचा भर असायचा तोवर निवांत, तो उतरला की मोकळेपणी कण्हायची, ओरडायची, कधी तर बाबांवर खेकसायची, "शांतू, मेल्या, वेळ झाली ना सुईची!" ओसरीवरच्या चपला कमी झाल्या. रडकी पोरं घेऊन कुणी येईना. "सैतानाने गाठलं शेवटी," असंही एक जण बोलून गेला. पण सुंदराबाई आली. दारात उभी राहिली, आत्या कळवळत होती. आत्या म्हणाली, "माफ कर गं, मी पडले." सुंदराबाई खाटेवरच बसली आणि तिने जो हंबरडा फोडला! मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. "इतके दिवस तुमच्यापुढे रडायची लाज वाटायची मला," ती म्हणाली. दोघी एकमेकींना धरून रडल्या आणि मग आईने केलेला कोरा चहा प्यायल्या. जैनबखालाही आली, बांगडा मासळीचं झणझणीत तिखलं घेऊन. "माणसाला मी भूत समजले, बाय. तोबा तोबा," म्हणत तिने आत्याचे पाय दाबले.

आत्या गेली ती सकाळी, झोपेत. बाबा रडले नाहीत. पंचाने रडायचं नसतं, पुनरुत्थानाची आशा असते, असं ते सगळ्यांना सांगत होते. पुरून आलो, पेज खाल्ली, दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. चार-पाच दिवस गेले असतील. संध्याकाळी जेवताना बाबा पाण्याचा तांब्या तोंडाला लावायला मान वर करतात, आणि सदऱ्याच्या गळपट्टीच्या वर, कंदिलाच्या उजेडात, मला ती दिसली. बारीक, गोलाकार, पांढरी रेघ.

आईने बघितली नाही. घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवून आई आडवी झाली. बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं, खाला विहिरीवर पाणी काढत होती, रहाट कुरकुरत होता. आणि भर दुपारी पायांखालून तो आवाज आला. आत्याला मातीत ठेवताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मला वाटलं, तीच आहे. मी भिंत धरून गेले, तिच्या ठशांवर हात ठेवत ठेवत. ते पुसायला आईचं मन झालं नव्हतं.

रांजणापुढे गुडघ्यांवर बाबा होते. रविवारचा पांढरा सदरा, आणि मुंडकं नाही.

या खेपेला मी दार लावलं नाही. उलट सताड उघडलं, आणि विहिरीकडची खिडकीही उघडली, वर्षानुवर्षं न उघडलेली, दोन्ही हातांनी ढकलून. मग त्यांच्याजवळ बसले आणि पाठीवर हात ठेवला. आवाज थांबला.

"बाबा, बाहेर रडा," मी म्हटलं.

त्यांनी डोकं वर काढलं. केसांना मातीची पुटं, डोळे लाल. उघड्या खिडकीकडे बघून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मरू, कुणीतरी ऐकेल."

"ऐकू दे."

मग त्यांनी कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि तोंड उघडलं. घरभर गेला तो आवाज, खिडकीतून बाहेर गेला. मी कान लावून बसले होते, आता दोर सुटेल, आता कळशी आपटेल.

विहिरीवरचा रहाट थांबला नाही.